चर्च, फोनचा डबा आणि पॉवर हाऊस: जाइल्स गिल्बर्ट स्कॉट नक्की किती मोठा?

टेम्सकाठी
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट (१८८०-१९६०) हा गेल्या शतकातला इंग्लंडचा बहुधा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला आर्किटेक्ट. नाव कुणाला ठाऊक नसेल, पण लंडनचा लाल फोनबूथ ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. लिव्हरपूलचं अवाढव्य अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचं) कॅथीड्रल त्याचं, वॉटर्लू ब्रिज त्याचा, बॅटरसीचं चार धुराड्यांचं पॉवर स्टेशन त्याचं, आज जिथे टेट मॉडर्न हे कलादालन आहे ते बँकसाइडचं पॉवर स्टेशनही त्याचंच.

माझं म्हणणं असं, की त्याच्या खात्यावर जेवढं जमा आहे तेवढं सगळं त्याचं नाही. बॅटरसीचं काम १९२९ मध्ये सुरू झालं तेव्हा मूळ मांडणी इंजिनियरांनी ठरवून टाकली होती. लंडनच्या नदीकाठी एवढं धूड येणार म्हणून ओरड झाली, तेव्हा कुठे कंपनीने स्कॉटला बोलावलं. आतला तो संगमरवरी टर्बाइन हॉल हॅलिडे नावाच्या दुसऱ्याच आर्किटेक्टचा. वॉटर्लू ब्रिजचं गणित रेंडेल, पामर अँड ट्रिटन या इंजिनियर मंडळींचं. मग याने केलं काय? गणपती इंजिनियरांचा, याचं फक्त मखर. आणि 'सर' ही पदवी, ऑर्डर ऑफ मेरिट, सगळं मखरवाल्याला. पटतंय का?

तिरकस
मखर बघायलाच तर गर्दी होते हो. मूर्ती सगळ्यांकडे सारखीच.
(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

गिरगावकर
आपला राजाबाई टॉवर यानेच बांधला ना? मग मखरवाला वगैरे म्हणू नका, मुंबईकर दुखावतील.

बाराखडी
गिरगावकर, तो याचा आजोबा. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. मुंबई विद्यापीठाचा कॉन्व्होकेशन हॉल, लायब्ररी आणि राजाबाई टॉवर त्याचे. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि जाइल्सचा जन्म १८८० चा, तेव्हा तो फार तर टॉवरचा धाकटा भाऊ. गंमत म्हणजे आजोबांनी मुंबईत कधी पाऊलही टाकलं नाही, सगळे नकाशे लंडनहून पाठवले. घरात तीन पिढ्या आर्किटेक्ट आणि तिघांच्याही नावात गिल्बर्ट स्कॉट. पोस्टमनचे काय हाल होत असतील!

गिरगावकर
वारसाहक्क सिद्ध झाला. आता नातवाच्या बाजूने मत देतो. :)

मर्सीकाठ
टेम्सकाठी, तुम्ही सोयीस्करपणे कॅथीड्रल एका ओळीत उरकलंत. आम्ही लिव्हरपूलवाले तुम्हाला एवढ्यावर सोडणार नाही.

१९०३ मध्ये स्पर्धेचा निकाल लागला तेव्हा हा पोरगा २२ वर्षांचा होता. टेम्पल मूर यांच्याकडे उमेदवारी चालली होती. १०३ जणांनी नकाशे पाठवले होते, त्यातून पाच निवडले आणि त्या पाचांतून हा. तोवर स्वतःची म्हणावी अशी एकही इमारत नावावर नाही. पाइप ठेवायचा स्टँड तेवढा आपण डिझाइन केलाय, असं स्वतःच गमतीत सांगायचा. त्यात हा रोमन कॅथलिक आणि कॅथीड्रल अँग्लिकन, म्हणजे वादाला निमित्त तयारच. समितीने मग सावधगिरी म्हणून परीक्षकांपैकीच एक, जॉर्ज बॉडली, याच्या जोडीला बसवले. बॉडली म्हणजे याच्या आजोबांचेच शिष्य. वयाने पंच्याहत्तरीच्या पुढचे.

पुढे व्हायचं तेच झालं. बॉडलींनी अमेरिकेतली कॅथीड्रलची कामं घेतली आणि लिव्हरपूलकडे त्यांचं लक्ष उडालं. स्कॉट वैतागून राजीनामा द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात १९०७ मध्ये बॉडली वारले आणि सगळा कारभार एकट्याच्या हातात आला.

आता खरी गोष्ट ऐका. पायाचा दगड १९०४ मध्ये सातव्या एडवर्डने बसवलेला, बांधकाम चालू, त्यातलं लेडी चॅपल हे छोटं प्रार्थनागृह १९१० मध्ये उघडलं. आणि त्याच सुमारास हा तिशीतला माणूस समितीपुढे गेला आणि म्हणाला, स्पर्धा जिंकलेलं डिझाइन मला आता आवडत नाही. मूळच्या नकाशात दोन टॉवर होते. ते रद्द करून मधोमध एकच प्रचंड टॉवर, त्याखाली मोठी मोकळी जागा, सगळी मांडणी नव्याने. समितीने मान्य केलं! स्वतःचं पहिलं बक्षीस स्वतःच मोडीत काढणाऱ्याला मखरवाला म्हणायचं?

टॉवर १०१ मीटर उंच आहे. शेवटचा दगड १९४२ च्या फेब्रुवारीत स्कॉटने स्वतः वर जाऊन बसवला. साल बघा. त्याच्या आदल्याच वर्षी या शहरावर जर्मन बॉम्ब पडत होते.

ओसरी
मर्सीकाठ, काय सुंदर लिहिलंय. पूर्ण कधी झालं मग?

मर्सीकाठ
१९७८. पायाच्या दगडापासून ७४ वर्षं. तो १९६० मध्ये गेला. पश्चिमेचा शेवटचा भाग नंतर खर्चाला कात्री लावून साधा बांधला. त्याची आणि बायकोची कबर पश्चिमेच्या दरवाजाबाहेर आहे. आत नाही, बाहेर. आणि आत त्याचाच एक लाल फोनबूथ ठेवलाय. पर्यटक बूथबरोबर सेल्फी काढतात आणि बाहेर पडताना कबरीवरून निघून जातात.

तिरकस
थोडक्यात, डबा आत आणि डबेवाला बाहेर.

बाराखडी
तिरकस, _/\_

लिव्हरपूल निघालंच आहे तर आणखी एक फिरकी. त्याच शहरात कॅथलिकांना आपलं कॅथीड्रल हवं होतं. ते काम १९३० मध्ये मिळालं एडविन लटयन्सला, जो अँग्लिकन होता. म्हणजे अँग्लिकनांचं कॅथीड्रल कॅथलिकाने केलं आणि कॅथलिकांचं अँग्लिकनाने. दोन्हींना जोडणाऱ्या रस्त्याचं नाव होप स्ट्रीट! लटयन्सची घुमटाची कल्पना इतकी अचाट होती की युद्ध आलं, पैसे संपले आणि तळघर तेवढं उरलं. त्या तळघरावर पुढे फ्रेडरिक गिबर्डने गोल मुकुटासारखी इमारत बांधली, ती १९६७ ची.

धोबीघाट
दिल्लीवाला लटयन्स? त्याने तळघरात आटोपलं? आपल्याकडे मात्र व्हाइसरॉयचा पूर्ण महाल बांधून घेतला. पैसे कुणाचे होते ते सांगायला नको.

ओळंबा
मी आयुष्यभर औष्णिक वीज केंद्रांत नोकरी केली, तेव्हा मखराबद्दल दोन शब्द माझेही.

टेम्सकाठी म्हणतात ते बरोबर आहे, आकार आम्हीच ठरवतो. बॉयलरला किती उंची लागते, कोळशाचे बंकर कुठे येतात, टर्बाइनला किती लांबी हवी, हे ठरलं की डबा ठरला. मोठा बॉयलर वरून टांगलेला असतो, तापला की खालच्या बाजूने वाढतो, त्याला तेवढी मोकळीक ठेवावीच लागते. यात आर्किटेक्टला विचारतो कोण? आम्ही तर बाहेरून पत्रा मारायचो आणि पुढच्या युनिटला लागायचो. आसपासच्या गावांना तो पत्रा आणि ती धुराडी जन्मभर बघायची असतात, हा विचार मीटिंगमध्ये एकदाही निघाल्याचं मला आठवत नाही.

बॅटरसीला तो विचार झाला, लोकांनी बोंब मारली म्हणून का होईना. ओरड नुसत्या दिसण्याची नव्हती, धुराचीही होती. म्हणून तिथे धूर टेम्सच्या पाण्याने धुऊन मग सोडायचे. धुण्याची यंत्रणा कोपऱ्यांतल्या मनोऱ्यांत होती. स्कॉटने त्याच मनोऱ्यांना उभ्या विटांच्या पट्ट्या देऊन त्यांचे चौथरे केले आणि वरच्या धुराड्यांना खांबासारख्या उभ्या खोबणी दिल्या. यंत्राचं एकही नट त्याने हलवलं नाही. पण आमच्या धंद्यातली दुसरी कुठली इमारत लोकांनी बंद पडल्यावर वाचवायला घेतली, सांगा बरं? बॅटरसी १९८३ मध्ये बंद झालं. आमची जुनी युनिटं बंद झाली की भंगारवाला येतो.

टेम्सकाठी
ओळंबा साहेब, प्रतिसाद फार आवडला. पण यात माझाच मुद्दा येतो ना? तुम्ही म्हणता तसं, नटही हलवलं नाही. आणि चार धुराड्यांचं ते चित्र जगाला माहीत आहे, ते पूर्ण झालं १९५५ मध्ये, दुसरा अर्धा भाग झाल्यावर. त्याआधी वीस वर्षं दोनच धुराडी होती. पूर्ण चित्राला दोन टप्पे, दोन पिढ्यांचे इंजिनियर. शिवाय आज जी धुराडी दिसतात ती अलीकडे पाडून नव्याने बांधलेली. २०२२ पासून तिथे मॉल आहे. चकचकीत दुकानं, वर ॲपलचं ऑफिस.

विटकरी
पुण्यात आर्किटेक्चर शिकवते, म्हणून राहवत नाही. जरा लांबेल.

स्कॉटचं काम 'बाहेरची सजावट' म्हणून बघितलं की तो हातातून निसटतो. त्याची एकच युक्ती आहे आणि ती त्याने कॅथीड्रलपासून पॉवर हाऊसपर्यंत वापरली: भिंतीचा मोठाच्या मोठा भाग पूर्ण कोरा ठेवायचा आणि सगळी नक्षी एखाद्या ठिकाणी गोळा करायची. लिव्हरपूलला लाल वालुकाश्माच्या सपाट भिंती वर चढत जातात, कुठे काही नाही, आणि मग एखाद्या दारापाशी दगड अचानक फुलून येतो. गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन चर्चशैली) म्हणतात त्याला, पण जुन्या गॉथिकमध्ये अशी शांत भिंत फारशी मिळत नाही. आजोबांचं राजाबाई टॉवरचं काम आठवा: एक वीतभर जागा मोकळी सोडलेली नाही. नातवाने नेमकं उलट केलं.

आता तीच नजर बँकसाइडवर टाका. तिथे तो सुरुवातीपासून होता, १९४७ पासून, त्यामुळे टेम्सकाठींचा 'नंतर बोलावलं' हा आक्षेप इथे लागू पडत नाही. ४२ लाख विटा. मधोमध एकच धुराडं, चौकोनी, ३२५ फूट. नदीपलीकडे बरोबर समोर सेंट पॉल्सचा ३६५ फुटी घुमट, त्याच्यापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेलं. पॉवर हाऊसने देवळाला मान द्यायचा, पण मुजरा घालायचा नाही, एवढी नेमकी उंची. डावीकडे उजवीकडे लांबलचक कोरी भिंत आणि तिच्यात उभ्या चिंचोळ्या काचेच्या पट्ट्या. जवळ जाऊन बघितलं तर वरच्या कडेला विटा पुढेमागे सरकवून केलेली बारीक किनार दिसते. लांबून ती नुसती सावलीची रेघ असते. ती रेघ नसती तर तो खरंच डबा झाला असता.

१९८१ मध्ये स्टेशन बंद पडलं आणि २००० मध्ये टेट मॉडर्न म्हणून उघडलं. हर्झोग आणि द म्यूरोन या स्विस जोडीने टर्बाइन हॉल जवळजवळ रिकामाच ठेवला. यंत्रं गेली तरी इमारत उभी राहिली. मग मखर नेमकं कशाला म्हणायचं?

ओसरी
विटकरी ताई, असं शिकवणारं कुणी आम्हाला मिळालं असतं तर...

धोबीघाट
+१. पण ताई, केंब्रिजची लायब्ररीपण याचीच ना? १९३४ ची? माझा भाचा तिथे शिकतो. म्हणतो, पहिल्यांदा बघितल्यावर कारखानाच वाटला. मधला टॉवर म्हणजे धुराडंच.

विटकरी
त्याचीच. टॉवर १५७ फूट. बॅटरसीच्याच वर्षांत तिचंही काम चाललेलं होतं, तेव्हा भाच्याचं अगदीच चुकलं नाही.

तिरकस
म्हणजे पॉवर हाऊसला कॅथीड्रल केलं आणि लायब्ररीला पॉवर हाऊस. क्लायंटांचे नकाशे अदलाबदल झाले असतील.

बाराखडी
ऑक्सफर्डचीही एक लायब्ररी त्याचीच, न्यू बॉडलियन. १९४० मध्ये बांधून झाली, पण युद्धामुळे उद्घाटन लांबलं ते १९४६ पर्यंत. सहाव्या जॉर्ज राजाने चांदीची किल्ली कुलपात फिरवली आणि किल्ली तुटली! समोर सगळे विद्वान झगे घालून उभे.

गिरगावकर
खिक्! आपल्याकडे फीत कापतात ते बरं. कात्री बोथट असली तरी हाताने ओढता येते.

अनुस्वार
फोनबूथबद्दल कुणीच नीट लिहीत नाहीये, म्हणून मी.

१९२४ ची मर्यादित स्पर्धा, त्यातून के-टू हे मॉडेल निवडलं गेलं. स्कॉट तेव्हा सोन म्युझियमचा विश्वस्त होता. जॉन सोन हा शंभरेक वर्षं आधीचा आर्किटेक्ट. त्याने बायकोसाठी बांधलेली समाधी सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात आहे. तिच्यावरची ती उथळ, चारी बाजूंना कमानदार घुमटी बघा आणि मग बूथचं डोकं बघा. वेगळं काही सांगावं लागत नाही. माथ्यावरचा मुकुट के-टूमध्ये नुसती शोभा नाही, तो भोकांचा आहे, त्यातून आतली हवा बाहेर जाते. सिगारेट ओढत तासभर बोलणाऱ्यांची सोय.

रंग मात्र त्याचा नाही. त्याने बाहेरून चंदेरी आणि आतून हिरवट निळा सुचवला होता. लाल केला पोस्ट खात्याने. त्याचा लाकडी नमुना अजून रॉयल अकॅडमीच्या दारातल्या कमानीखाली उभा आहे, फुकट बघता येतो. के-टू महाग आणि जड, म्हणून मुख्यतः लंडनपुरताच राहिला. पुढे पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवासाठी १९३५ मध्ये त्यानेच आटोपशीर के-सिक्स केला आणि तो खेड्यापाड्यांत पोचला. ओळखायचं कसं? के-टूला काचांच्या सहा ओळी, के-सिक्सला आठ, आणि मधली काच रुंद.

धोबीघाट
चंदेरी! बरं झालं पोस्ट खात्याने ऐकलं नाही. सरकारी बाबूच्या हातून एवढं चांगलं काम झाल्याचं दुसरं उदाहरण सापडेल का?
अवांतर: आपल्याकडचे पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ कुणीच जपले नाहीत. तिथल्या मीटरचे लाल आकडे पळताना बघून छातीत जे व्हायचं...

ओसरी
धोबीघाट, अगदी! रात्री अकरानंतर पाव दरात बोलायला रांग लागायची.

तिरकस
धागा पीसीओवर गेला. आता पन्नास प्रतिसाद नक्की.

मर्सीकाठ
परत आणते. अनुस्वार, त्या सेंट पँक्रसच्या परिसरातच याच्या घरची शोकांतिकाही आहे. स्टेशनवरचं मिडलँड ग्रँड हॉटेल आजोबांचं. वडील, धाकटे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, तेही गुणी आर्किटेक्ट, पण मनोरुग्ण ठरवले गेले, दारू वाढली आणि १८९७ मध्ये आपल्या वडिलांनी बांधलेल्या त्याच हॉटेलात वारले. जाइल्सला त्यांचा सहवास जवळपास मिळालाच नाही. मुलांना ससेक्समध्ये सायकलवर बसवून जुनी चर्चं दाखवत हिंडली ती आई. जाइल्स आणि त्याचा भाऊ एड्रियन दोघेही आर्किटेक्ट झाले ते तिच्यामुळे. करिअर कशाला म्हणतात याची चर्चा करताना तिचंही नाव घ्या कुणीतरी: एलेन.

ओसरी
नाव घेतलं.

टेम्सकाठी
मर्सीकाठ, हे माहीत नव्हतं, धन्स.

पण माझ्या पोतडीत अजून एक आहे: कॉव्हेन्ट्री. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेलं कॅथीड्रल नव्याने बांधायचं काम याला मिळालं होतं. त्याने जो आराखडा दिला तो इतका ना धड जुना ना धड नवा होता, की रॉयल फाइन आर्ट कमिशनने १९४७ मध्ये नाकारला आणि याला बाजूला व्हावं लागलं. पुढे स्पर्धा झाली आणि बेसिल स्पेन्सने जे केलं ते बघायला आज लोक जातात. १९३०च्या दशकात आर्किटेक्टांच्या संस्थेचा अध्यक्ष असताना हाच म्हणायचा की मी कट्टर परंपरावाला नाही आणि कट्टर आधुनिकही नाही. मधल्या वाटेने चालणाऱ्याला शेवटी दोन्हीकडचे धक्के बसतातच.

विटकरी
कॉव्हेन्ट्रीचं मान्य. तिथे तो दमलेला वाटतो. पण मधली वाट म्हणून हिणवू नका. त्याच सुमाराला त्याने हाउस ऑफ कॉमन्सचा सभागृह पुन्हा बांधला. १९४१ च्या मे महिन्यात बॉम्बने जळालेला. चर्चिलचा हट्ट, की आकार जुनाच हवा आणि जागा सगळ्या सदस्यांना पुरणार नाही एवढीच हवी, म्हणजे वादाच्या दिवशी दाटी होते आणि रंग चढतो. अशा वेळी तुमचा क्रांतिकारक आर्किटेक्ट काय करणार होता? स्कॉटने साधं, जरा रुक्षच गॉथिक केलं आणि १९५० मध्ये सुपूर्द केलं.

बाराखडी
आणि त्या सभागृहाचे दरवाजे भारत आणि पाकिस्तानने भेट दिलेले आहेत! राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू दिली. अध्यक्षांची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, टेबल कॅनडाचं.

धोबीघाट
फाळणीनंतर तीनच वर्षांत दोघांनी मिळून इंग्रजांना दरवाजा दाखवला, असं म्हणा ना.

तिरकस
धोबीघाट, आजचा दिवस तुमचा.

गिरगावकर
गेटवेचा विटेट, जे. जे.चा बॅटली, हेही त्याच पिढीतले इंग्रज ना? त्यांना इकडे यावं लागलं आणि याला तिकडेच कामं मिळाली, हे आजोबांच्या नावामुळे, असा माझा संशय आहे.

बाराखडी
विटेट स्कॉटिश. क्लॉड बॅटली इंग्रज, जे. जे.मध्ये १९२३ ते १९४३ आर्किटेक्चरचे प्रमुख. त्यांच्यावर वेगळा धागा हवा. आणि वशिल्याचं म्हणाल तर लिव्हरपूलच्या स्पर्धेत परीक्षक बॉडली हे आजोबांचे शिष्य निघाले, यावरून तेव्हाही कुजबुज झालीच असणार. पण पुढची ५७ वर्षं वशिल्यावर निघत नाहीत.

ओळंबा
टेम्सकाठी, वॉटर्लू ब्रिज राहिला. पुलाचं गणित इंजिनियरांचंच, यात वाद नाही. पण मी तुमच्या लंडनला मुलीकडे आलो होतो तेव्हा त्या पुलाखाली बराच वेळ उभा होतो. कमानी दिसतात इतक्या पातळ, की आमच्या डोळ्याला धाकधूक होते. वर पोर्टलंडच्या दगडाचं आवरण, पावसाने आपोआप धुतलं जाणारं. युद्धात पुरुष सैन्यात, म्हणून कामावर बायका मोठ्या संख्येने होत्या आणि उद्घाटनाच्या भाषणात त्यांचा उल्लेखही झाला नाही. बोटवाले अजून त्याला बायकांचा पूल म्हणतात. श्रेयाचा हिशेब करायचाच तर स्कॉट आणि ट्रिटन यांच्यातच का वाटता? तिसरा वाटा त्यांचा काढा.

टेम्सकाठी
ओळंबा साहेब, हा मुद्दा बिनतोड. श्रेयाच्या वाटणीत मी दोघांनाच धरलं होतं.

बँकसाइड तुम्हा लोकांनी माझ्याकडून काढून घेतलं, लिव्हरपूल तर मी मागितलंच नव्हतं. बॅटरसीवर मात्र मी ठाम आहे: मखरच, पण कारागीर पहिल्या दर्जाचा. पुढच्या महिन्यात लिव्हरपूलला जायचा बेत आहे. मर्सीकाठ, टॉवरवर जायला वेळ कुठली बरी?

मर्सीकाठ
संध्याकाळची. हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात. लिफ्ट आहे, पण शेवटी पायऱ्या चढाव्याच लागतात, गुडघ्यांना आधीच सांगून ठेवा. आणि आमच्याकडे जेवून जा.

तिरकस
आमंत्रण सगळ्यांना आहे की फक्त हरलेल्या पक्षाला?